उशीर कुणाचा

लॅमिंग्टन रोडच्या तिसऱ्या दुकानातही
भिंतभर मध ओतत होते.
संथ, सोनेरी, धार तुटतच नव्हती.
मग पोपट. मग कुठलंसं बर्फाळ तळं.
आई स्टुलावर बसल्या बसल्या म्हणाली,
मध राहू दे, धावतं काहीतरी लाव.

सेल्समन मुनाफ. कानामागे पेन्सिल.
त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे,
मग तिच्या मांडीवरच्या पिशवीकडे.
त्यातून ती एका हातानं काढत होती
पिवळट पडलेला कन्सोल,
मनीष मार्केटातला, ब्याण्णव सालचा,
दिवाळीच्या बोनसातून घेतलेला, बाबांना न विचारता.

महापालिकेत टायपिस्ट होती आई.
पूर्ण खात्यात तिच्याच मशीनची घंटी आधी वाजायची.
संध्याकाळी कन्नमवार नगरात
कुकरच्या दुसऱ्या आणि चौथ्या शिट्टीच्या मधे
ती दोन किल्ले पार करायची, पदर खोचून.
दारात मजल्यावरची पोरं. मी मटार सोलत,
माझी पाळी कधी, माझी पाळी कधी.

जानेवारीपासून तिचा डावा हात
सांगितलेलं ऐकतो, पण आधी विचार करतो.
फिजिओवालीनं दाबायला रबरी चेंडू दिला.
तो आईनं खालच्या मजल्यावरच्या बाळाला देऊन टाकला.

नव्या टीव्हीला मागे
लाल-पांढरी-पिवळी भोकंच नव्हती.
मुनाफनं काडेपेटीएवढी डबी आणून जोडली.
चित्र आलं, पंचावन्न इंच,
एकेक चौकोन लादीएवढा.
आईनं बटण दाबलं. टक्.
आणि मग तो बुटका उडाला.
मधे एक फट. डोळा मिटून उघडावा एवढीही नाही,
पण बुटका तिच्यातच पडून मेला.
पुन्हा टक्. पुन्हा मेला.
आईनं हात मांडीवर उलटा करून पाहिला.

हा उशीर माझा की ह्याचा?

मी किमतीचं लेबल वाचत राहिले.
हप्ते, वॉरंटी, भिंतीवर लावून देण्याचे वेगळे.

मुनाफ म्हणाला, ह्याचा, मौसी.
चित्र आलं की हा आधी त्याला सजवतो,
कडा घासतो, आभाळ निळं करतो,
मग आपल्याला दाखवतो.
मधवाल्याला चालतं, खेळणाऱ्याला नाय.
त्यानं रिमोटवर खाली, खाली, अजून खाली जाऊन
काहीतरी बदललं. गेम मोड.
गवत एकदम फिकं पडलं. आभाळ जुनं झालं.
टक् आणि उडी एकाच जागी आली.

म्हणजे नटवणं बंद, आई म्हणाली.
आलं तसं सांगून टाकतो.
आणि मग, माझ्याकडे न बघता,
रिपोर्ट आला त्या दिवशी
जिन्यात किती वेळ उभी होतीस गं तू?

मुनाफभाई, मी म्हटलं,
हाच बत्तीस इंचात मिळेल का?

बत्तीसच मावतो. सुतारानं केलेला कप्पा
जुन्या डबड्याच्या मापाचा,
दोन हात खोल.
नवा टीव्ही त्यात पुढेच उभा राहिला,
दारात चप्पल न काढता उभ्या पाहुण्यासारखा.
मागच्या मोकळ्या अंधारात
आईनं दवाखान्याची फाइल सरकवून दिली.

रात्री आठला पहिला किल्ला.
उडी उजव्या अंगठ्याची, ती वेळेवर.
धाव डाव्याची, ती मागाहून.
बुटका जागच्या जागी उडाला,
मग आठवण झाल्यासारखा चालत गेला, सरळ खड्ड्यात.

हा माझा, आई म्हणाली.
जवळजवळ खूश होऊन.
पुन्हा सुरू केलं. पुन्हा पडली.
हाही माझा.

अकराव्या की बाराव्या वेळेला
कासवावरून कशीबशी पलीकडे पोचली
आणि पडद्यावरची नजर न हलवता विचारलं,
शिट्ट्या किती झाल्या?

पाच, मी म्हटलं. लगेच.
भात लागला, आई.